गोजराबाईंपुढचा आरसा

"पण तुम्ही आरशात बघितलंत का, बाई? इतक्यात... एकदा तरी?"

गोजराबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कशाला बघू?"

"म्हणजे कळेल तुम्हाला."

"काय?"

देवयानी बाईंची जुनी शिष्या. पुण्याहून मिरजेला येताना गाडीत तिने हे सगळं बोलणं घोकलं होतं. घोकलेल्या बोलण्यात बाई "काय?" असं विचारत नव्हत्या. त्या मुकाट्याने रडत होत्या आणि देवयानी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. बाईंना रडण्याची सवय नाही, ही गोष्ट तिने हिशेबात धरलीच नव्हती.

"लोक वाईट असतात, बाई."

"असतात की."

"हसतील."

"हसू देत."

दिवाळी सरता सरता बाईंच्या तोंडावरून वारं गेलं होतं. हातपाय शाबूत राहिले, गळाही शाबूत राहिला. पण डावा गाल ओघळला, डावा डोळा पुरता मिटेना, आणि ओठ उजव्या अंगाला ओढले गेले ते तिथेच राहिले. चहा पिताना पदर हनुवटीशी धरावा लागे. बोलणंही जरा सांडायचं. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, आता याहून फार सुधारणा होणार नाही. बाई म्हणाल्या, सुधारून मला कुठं लग्नाला उभं राहायचंय?

आणि आता माघ लागला होता. घाटावरच्या संगमेश्वराचा उत्सव जवळ आला होता. त्या उत्सवात शेवटच्या सकाळी गोजराबाई शिरोळकरांनी तोडी गायची असा रिवाज होता. तो कुणी पाडला हे सांगणारंही आता कुणी उरलं नव्हतं.

देवयानीने पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली वस्तू काढली आणि टॉवेल सोडला.

तो टेबलावर ठेवायचा आरसा होता. तिचे वडील स्वीडनला कामाला होते तेव्हा तिथल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून त्यांनी तो उचलला होता. चौकट प्यूटरची, घरच्या जुन्या कल्हईच्या भांड्यासारखी मंद राखाडी. खाली पट्टीसारखी बैठक, तिच्या दोन टोकांना दोन गोळे, आणि मध्ये दोन खिळ्यांवर तोललेली काच, हवी तशी तिरपी होणारी. देवयानीच्या घरी पाहुणे आले की आधी आरसा दाखवला जाई आणि मग चहा येई.

बाईंनी सूप बाजूला ठेवलं. त्यांनी आरशाची मागची बाजू आधी पाहिली. तिथे कारखान्याचा शिक्का होता. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं.

"चांदी?"

"नाही. प्यूटर म्हणतात. बहुतेक कथीलच असतं त्यात."

"नक्षी कशी नाही?"

"तीच तर त्याची खुबी आहे, बाई." देवयानीचा आवाज जरा उंचावला. आरशाबद्दल बोलायला तिला आवडायचं. "तिकडच्या कारागिरांनी त्या काळात ठरवलं, वस्तूवर उगाच वेलबुट्टी नको. जे काम, तेवढंच रूप."

"मग याचं काम काय?"

"तोंड दाखवणं."

"कुणाचं?"

देवयानीला प्रश्न बावळट वाटला. तिने आरसा बाईंकडे फिरवला.

बाईंनी पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. ओघळलेला गाल, अर्धा उघडा डोळा, एका बाजूला धावत गेलेलं तोंड...

देवयानी पाठीवरून फिरवायचा हात तयार ठेवून बसली होती.

"आरसा चांगला आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी एका बोटाने काच वर केली, खाली केली. "कुठंही थांबतो गं. शंभर वर्षं तरी झाली असतील याला, पण खिळा सैल नाही."

"बाई!"

"ओरडू नकोस. वारं तोंडावरून गेलंय, कानावरून नाही."

देवयानीला राग आला. राग आला की ती फार छान दिसायची, आणि हे तिला याच आरशाने सांगितलेलं होतं.

गायला शिकणाऱ्याने समोर आरसा ठेवावा, ही जुनी शिकवण आहे. तान घेताना तोंड वेडंवाकडं होतं, भुवया नाचतात, जबडा सरकतो. गाणाऱ्यांत त्याला मुद्रादोष म्हणतात. देवयानी नवीन होती तेव्हा बाईंनीच तिला सांगितलं होतं, आरसा समोर ठेव. आणि त्याच दमात हेही सांगितलं होतं की सवय लागली की आरसा उचल. हे दुसरं वाक्य देवयानीला ऐकू आलं नव्हतं असं नाही. तिला ते आवडलं नव्हतं. आरसा तिच्यापुढून कधीच उठला नाही, आणि आज ती गायला बसली की तिचा चेहरा फोटो काढावा इतका शांत असे. लोक फोटो काढतही.

"चौगुले आले होते का तुझ्याकडे?" बाईंनी विचारलं. चौगुले म्हणजे उत्सव समितीचे अध्यक्ष.

"फोन आला होता."

"काय म्हणाले?"

"काळजी वाटते म्हणाले. तुमची."

"आणि?"

"तुम्हाला दगदग नको म्हणाले."

"आणि?"

देवयानीने टॉवेलाची घडी घातली. मग ती उलगडून पुन्हा घातली.

"शेवटच्या सकाळी मी गावं, असं त्यांचं म्हणणं आहे."

"तू काय म्हणालीस?"

"बाईंना विचारते म्हटलं."

"मग विचार."

देवयानीने टॉवेल पिशवीत कोंबला.

"विचार की गं. एवढ्या लांबनं आलीस."

देवयानीने तोंड उघडलं आणि तिच्या ध्यानात आलं की हा प्रश्न तिने घोकलेलाच नव्हता. काळजी घोकली होती, लोक हसतील हे घोकलं होतं, मोबाइलवर व्हिडिओ फिरतील हेही घोकलं होतं.

"मला गायचंय," ती म्हणाली. "तुमच्या मागे तानपुरा धरून धरून माझा जन्म चाललाय. मला पुढे बसायचंय. झालं?"

बाईंचा उजवा अर्धा चेहरा हसला. डावा होता तिथेच राहिला.

"आता कशी माणसात आलीस. सकाळपासून नुसती माझी काळजी चालली होती, ऐकवत नव्हतं."

"मग मी गाऊ?"

"नाही."

"का नाही?" देवयानी उभी राहिली. आता तिला काही घोकायची गरज उरली नव्हती. "तुमचे ओठ जुळत नाहीत, बाई. बंदिशीचे शब्द फुटत नाहीत तुमच्याच्याने. माझ्यात काय कमी आहे? सूर आहे, तयारी आहे. गाताना माझ्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही, सगळे म्हणतात."

"म्हणतात खरं."

"मग?"

"तानपुरा लाव."

ती संतापली होती, पण बाईंनी तानपुरा लाव म्हटलं की लावायचा, हे अंगात इतकं मुरलेलं होतं की हात आपोआप खुंट्यांवर गेले. तारा जुळल्या. सवयीने ती बाईंच्या मागे, थोडी उजवीकडे बसली.

बाईंनी आरसा पाटावर ठेवून स्वतःपुढे ओढला, काच जरा तिरपी केली आणि षड्ज लावला.

दुखणं आल्यापासून बाई कुणापुढे गायल्या नव्हत्या. सूर आला तो जुनाच होता. भरलेला आणि जागचा न हलणारा. देवयानीच्या छातीत काहीतरी लख्ख झालं. मग बंदिश सुरू झाली आणि पहिल्याच शब्दाला बाई अडल्या. शब्द होता 'बाट'. ब काही फुटेना. ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून वारा निसटून जाई आणि नुसतं 'आट' उरे. बाईंनी दोन बोटांनी डावा गाल वर दाबून धरला, ओठ हाताने जुळवले आणि तो शब्द कसातरी बाहेर ढकलला. दिसायला ते फार वाईट दिसत होतं.

आरशात हे सगळं देवयानीला दिसत होतं. बाईंच्या खांद्याच्या कडेला तिला स्वतःचाही चेहरा दिसत होता. बघवत नाही म्हणून कपाळाला आठी पडली आहे, हे तिने पाहिलं. तिने आठी पुसली. हनुवटी जरा खाली घेतली, ओठांचे कोपरे सैल सोडले. आता चेहरा बरा दिसत होता.

बाई थांबल्या.

"तानपुरा बंद पडला."

देवयानीने दचकून बोटांकडे पाहिलं. बोटं तारांवर होती आणि तारा मुक्या होत्या.

"मी आरशात तुझ्याकडे बघत होते," बाई म्हणाल्या. त्या मागे वळल्या नाहीत. "तू कुणाकडे बघत होतीस?"

देवयानीने तारेवरचं बोट उचलून पुन्हा ठेवलं.

"सांग की."

"माझ्याकडे," देवयानी म्हणाली. तिला रडू आलं, आणि ते कसं दिसतंय हेही आरशात दिसलं.

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. चौगुले आले होते. हातात शालीची पिशवी, तोंडावर चिंता. माणूस वाईट नव्हता. उत्सव नीट पार पडावा, वर्गणीदार खूश राहावेत, एवढंच त्याचं मागणं. पण असली माणसंच पुष्कळदा जास्त दुखवून जातात.

"बाईसाहेब, काय तब्येत?" ते टेकले. "तुमच्या भल्यासाठीच आलोय. आम्ही काय ठरवलंय, या वर्षी तुमचा सत्कार करायचा. मोठा. शाल, श्रीफळ, मानपत्र. तुम्ही फक्त येऊन बसायचं."

"आणि गायचं कधी?"

"गाण्याची दगदग कशाला आता?"

"सत्कार मी मेल्यावर करा, चौगुले. फोटोला हार घालायचा असतो, तो गात नाही. जिवंत आहे तोवर माईक द्या."

चौगुल्यांनी रुमालाने मान पुसली. "लोक वाईट असतात हो, बाई. हसतील. मोबाइल असतात सगळ्यांकडे..."

देवयानीने मान खाली घातली. तीच वाक्यं होती, अगदी त्याच क्रमाने. आपल्या तोंडून ती किती मायेची वाटली होती!

"बरं, असं करू," चौगुले पुढे सरकले. "पुढे एक पडदा लावू. झिरझिरीत, चांगला जरीचा. तुम्ही आतून गा. लोकांना काय, आवाजाशी मतलब."

बाईंनी पाण्याचा घोट घेतला, हनुवटीवर ओघळलेलं पदराने टिपलं.

"माझी आई सरदारांच्या घरी चिकाच्या, म्हणजे बांबूच्या कामट्यांच्या, पडद्याआडून गायची," त्या म्हणाल्या. "गाणं हवं असायचं सगळ्यांना. पण गाणारीचं तोंड घरच्या बायकांना दिसू नये, म्हणून पडदा. त्या पडद्यातनं बाहेर येऊन चारचौघांत बसायला आम्हाला एक अख्खी पिढी लागली, चौगुले. आता तोंड वाकडं झालं म्हणून परत आत जाऊ?"

"तसं नाही हो मला म्हणायचं."

"मग कसं?"

चौगुले देवयानीकडे वळले. "ताई, तुम्ही बोलणार होतात ना बाईंशी?"

"बोलले."

"मग?"

"त्या नाही म्हणाल्या."

"ते झालं हो. पण तुमचं काय? शेवटच्या सकाळी तुम्ही गाताय, असं धरून आम्ही पत्रिका छापायला द्यायच्या बेतात आहोत."

देवयानीने बाईंकडे पाहिलं. बाई पुन्हा सूप मांडीवर घेऊन तांदळातले खडे वेचत होत्या. त्यांनी तिच्यासाठी काहीही केलं नाही. नजर दिली नाही, खाकरल्या नाहीत. असल्या वेळी गुरू मदत करत नाही म्हणून पुष्कळांना गुरूचा राग येतो. देवयानीलाही आला.

"मी तानपुऱ्यावर आहे," ती म्हणाली. "तसंच छापा."

"ताई, विचार करा. अशी संधी पुन्हा..."

"छापा म्हटलं ना!"

चौगुले शालीची पिशवी घेऊन आले तसे गेले.

"जा, तूही नीघ," बाई म्हणाल्या. "पुण्याची गाडी चुकेल."

देवयानी गेली नाही. तिने तानपुरा उचलला आणि आपल्या जागी बसली. मग पुन्हा उठली, पुढे आली आणि पाटावरच्या आरशाला हात घातला. बैठक जरा फिरवली, मागे जाऊन बसली, पाहिलं, पुन्हा उठली, पुन्हा फिरवली. काचेत बाईंचं तोंड पुरतं येईपर्यंत आणि स्वतःचं पुरतं जाईपर्यंत तिची ही ऊठबस चालली. शेवटी जमलं. आता काचेत तिला फक्त बाई दिसत होत्या, गालापासून हनुवटीपर्यंत, वाकड्या आणि मोठ्या.

बाई तिची खटपट बघत होत्या. त्यांनी पुन्हा षड्ज लावला.

या वेळी तारा थांबल्या नाहीत. देवयानी बाईंच्या ओठांवर डोळे लावून बसली. ओठ जुळायला हवेत असं अक्षर आलं की ते अडत. ब, प, म. आणि अडण्याच्या जरा आधी उजवा कोपरा किंचित वर उचलला जाई. आधी तिला ते नीट कळलं नाही. मग कळलं. पुढच्या आवर्तनाला कोपरा उचलला गेला आणि देवयानीने मागून हलकेच ब दिला. बाईंनी लगेच पुढचा 'आ'कार धरला. एक शब्द दोन तोंडांतून आला.

बाईंनी गाल दाबायला उचललेली बोटं पुन्हा मांडीवर ठेवली.

त्या दिवशी देवयानीची गाडी चुकली. नंतरच्याही चुकल्या. उत्सवापर्यंत ती मिरजेतच राहिली. सुरुवातीला सांधा कळायचा. कधी देवयानी घाईने आधी यायची, कधी बाईंचा आकार निघून गेल्यावर तिचा प येऊन नुसता पडायचा, आणि मग दोघी हसायच्या. बाई शिव्याही देत. देवयानीने इतक्या शिव्या शिकायला आली त्या वर्षीही खाल्ल्या नव्हत्या. पण एक दिवस असा आला की दाराशी येऊन उभे राहिलेले तबलजी इस्माईलचाचा, ज्यांनी बाईंना आयुष्यभर साथ केली, ते आत न येता चपला हातात धरून ऐकत राहिले. त्यांना एकच बाई गाताना ऐकू येत होती.

उत्सवाची शेवटची सकाळ उजाडली. संगमेश्वराच्या सभामंडपात सतरंज्यांवर गाव बसलं होतं. बाई इस्माईलचाचांचा हात धरून व्यासपीठावर आल्या. त्यांच्या मागून देवयानी आली, एका हातात तानपुरा आणि दुसऱ्या हातात आरसा. तिने माईकच्या शेजारी पाट मांडला, त्यावर आरसा ठेवला, मागे बसून पाहिलं, पुढे येऊन जरासा फिरवला.

बायकांत कुजबुज झाली. "बघ, आरसा लागतोय अजून. नटायची हौस काही जात नाही म्हातारीची."

व्यासपीठापर्यंत ते सहज ऐकू आलं. देवयानीची कानशिलं तापली. बाई मात्र ते बोलणाऱ्या बाईकडे पाहून आपलं ते अर्धं हसू हसल्या आणि म्हणाल्या, "नाही जात बघा."

आणि गायला लागल्या.

पहिला सूर लागताना सगळे गप्प होते. बंदिशीचं तोंड आलं, ओठ ओढले गेले, अर्धा डोळा तसाच उघडा राहिला, आणि कोपऱ्यातून कुणीतरी हसलं. ते हसू एकाचं होतं, मग तिघाचौघांचं झालं. मोबाइल वर आले. चौगुले खांबाला टेकून उभे होते, त्यांनी डोळे मिटून घेतले.

देवयानीने यातलं काही पाहिलं नाही. पाहायला तिला सवडच नव्हती. काचेत उजवा कोपरा उचलला गेला, तिने ब दिला. ओठ थरथरले, तिने म दिला. बाई विलंबितातून बाहेर पडल्या आणि आता शब्द भराभर येऊ लागले. घरी बाई इतक्या पुढे कधी गेल्याच नव्हत्या. म्हातारी आज कुणाच्याही बापाला ऐकणार नव्हती. देवयानी धावत होती, धापा टाकत होती, काचेतल्या त्या वाकड्या तोंडाच्या मागे लागली होती. अक्षर कुठे अडेल हे आता तिला आधीच कळत होतं. कसं कळत होतं, हे कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

हसू कधी थांबलं हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मोबाइल मात्र वरच राहिले.

तोडी संपली. इस्माईलचाचांनी तबल्यावरून हात उचलले आणि कानाच्या पाळ्यांना लावले. टाळ्या पडल्या, पण जरा उशिराने. नटण्याच्या हौसेवर बोललेली ती बाई पदर तोंडाशी धरून बसली होती.

गाणं झाल्यावर दोघी मंडपामागच्या ओवरीत टेकल्या. देवयानीने बाईंना पाणी दिलं, पदर हनुवटीशी धरला. तिचे स्वतःचे गाल दुखत होते. का दुखत होते, तिला समजेना.

चौगुले आले. त्यांचा चेहरा आनंदी होता आणि ओशाळाही.

"बाई, काय सांगू... चुकलो मी." मग ते देवयानीकडे वळले, आवाज खाली आणला. "ताई, एक दाखवायचं होतं. हा व्हिडिओ मगाशीच टाकलाय कुणीतरी. आणि त्यात तुमचं... म्हणजे तुम्हीच बघा."

त्यांनी मोबाइल पुढे केला.

पडद्यावर बाई गात होत्या. ओघळलेला गाल, ओढलेलं तोंड. त्यांच्या मागे, जरा उजवीकडे, तानपुरा धरून कुणीतरी बसलं होतं. तिचाही जबडा उजवीकडे सरकला होता. तिचाही ओठ तसाच ओढलेला होता, एक डोळा अर्धा उघडा होता आणि कपाळाला ही एवढी आठी पडली होती. दोन तोंडं एकाच वेळी, एकाच बाजूला वाकडी होत होती.

देवयानीला ती कोण, हे ओळखायला क्षणभर लागलं.

"तुमचे इतके चांगले फोटो आहेत, ताई," चौगुले म्हणाले. "उगाच नाव खराब नको. ज्याने टाकलाय तो ओळखीतला आहे, सांगून काढायला लावतो. शब्द टाकू का?"

देवयानी पडद्याकडे पाहत राहिली. इतक्या वर्षांचा जपलेला चेहरा होता. आईने, मैत्रिणींनी, संयोजकांनी वाखाणलेला. तिला वाईट वाटलं. अगदी खरं वाईट वाटलं. मग व्हिडिओत ब आला, बाईंचा आकार आला, आणि तिने मोबाइल चौगुल्यांच्या हातात परत ठेवला.

"राहू द्या."

"अहो, पण हसतील लोक."

"हसू देत. काढलात ना, तर मी स्वतः परत टाकीन."

चौगुल्यांनी बाईंकडे पाहिलं, त्या समजावतील म्हणून. बाई ओवरीच्या खांबाला डोकं टेकून बसल्या होत्या, एक डोळा मिटलेला, एक अर्धा उघडा.

"चौगुले," त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षीची पत्रिका आत्ताच लिहून घ्या. शेवटच्या सकाळी ही पुढं बसेल."

देवयानीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

चौगुल्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे बाईसाहेब, तुम्ही आता विश्रांती..."

"मी?" बाईंनी हात पुढे केला. देवयानीने त्यांना उठवलं. उभं राहून बाईंनी निऱ्या झटकल्या, पदर खांद्यावर घट्ट ओढला.

"मी हिच्या मागं बसून गाणार. उठवून दाखवा म्हणावं."